मेणाचं डोकं

मरोळ गावठाण
३ मे १९८७

प्रिय दादूस,

तू न सांगता शारजाला गेलास, म्हणून मीही न लिहिता राहिले. आज लिहिते आहे ते राग संपला म्हणून नाही. काल आपल्या क्रुसासमोर लदीन होतं. प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे वाटत होते, तेव्हा पलीकडच्या चाळीतल्या शेवंतीने पदरात चणे घेता घेता विचारलं, "काय गो एथेल, इसिडोरचं पत्रबित्र?" मी म्हटलं, "येतं ना. मजेत आहे." खोटं बोलायचं ते बोलले, वर क्रुसासमोर.

मी हर्बर्टसाठी लिहिते आहे.

तू गेलास तेव्हा विमान कंपनीशी तुझा करार अजून संपायचा होता. मॅनेजरने आपल्या धाकट्या हर्बर्टला बोलावलं आणि सांगितलं, भावाने करार मोडला त्याची भरपाई द्या, नाहीतर तुम्ही स्वतःला चार वर्षं बांधून घ्या. वर कॅप्टन करतो. त्याने सही केली. हे तुला कुणी सांगितलं नसेल. तो घरी पेढे घेऊन आला होता. खांद्यावरची नवी पट्टी मीच शिवली. तो तयार झाला म्हणून त्याला कॅप्टन केला असं तेव्हा मला वाटलं होतं. खुर्ची रिकामी होती म्हणून केला, हे कळायला मला थोडे महिने लागले.

तुझ्यामागून आणखी तिघे गेले. एक मस्कतला, दोघे सरकारी विमान कंपनीत. त्यांच्या जागी कुणी येत नाही. पाच जणांचं काम आता दोघे ओढतात. पहाटे वर्तमानपत्रं आणि औषधं घेऊन सौराष्ट्रात जायचं, तिकडून बर्फातली कोळंबी आणायची, संध्याकाळी पार्सलं घेऊन नागपूर. गणवेशाला कोळंबीचा असा वास बसलाय की हर्बर्ट जीपमधून उतरला की गल्लीतली सगळी मांजरं दोन्ही बाजूंनी उभी राहतात. शेजारचे म्हणतात, कॅप्टनला सलामी. आधी तोही हसायचा.

तिकडच्या कंपन्या इथले करार सोडवून माणसं नेतात असं ऐकते. तू एक शब्द टाकलास तर होईल. हर्बर्टला न विचारता लिहिते आहे. त्याला विचारलं तर म्हणेल, "मना नको दादूसची भीक."

पेट्रिशिया वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी
एथेल


१९ जुलै १९८७

दादूस,

तुझं उत्तर नाही. टपाल चुकलं असेल असं धरून पुन्हा लिहिते.

हर्बर्टच्या गणवेशाचे खिसे धुताना उलटे केले की मिरच्यांचे देठ निघतात. आधी वाटलं, तिकडच्या एखाद्या ढाब्यावर जेवत असेल, सवयीने खिशात टाकत असेल. पुरुषांच्या खिशात काय निघत नाही! या रविवारी त्याने त्याच्या को-पायलटला जेवायला आणलं, तेव्हा खरं कळलं.

त्याचं नाव सहदेव. विक्रोळीचा. वडील कारखान्यात, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात. शिष्यवृत्तीवर जुहूच्या क्लबात विमान शिकला. बोंबलाचं कालवण पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी. "ताई, एवढं तिखट! आमची आई माझी आमटी वेगळी काढते." मी त्याला दही दिलं. तेवढ्यात हर्बर्ट ताटावरच झोपला. खरोखर, घास हातात तसाच. आम्ही दोघे त्याच्याकडे बघत बसलो. मग सहदेव हळूच म्हणाला, "म्हणून तर ते मिरच्या ठेवतात."

"म्हणजे?"

"उतरताना एक चावतात. जीभ पेटते तोवर झोप येत नाही."

"आणि तू काय करतोस?"

"मी सिनेमाच्या गोष्टी सांगतो. माझ्या संपल्या आता, त्याच त्याच सांगतो. परवा म्हणाले, सहदेव, तुझा तो व्हिलन गेल्या आठवड्यात मेला होता ना रे?"

तो हसला. मीही हसले. मग मी माझ्या शाळेच्या आवाजात विचारलं, "किती तास उडवायचं याचा कायदा असेल ना?"

"आहे ना. कायद्याच्या कागदावर आम्ही दोघे उडतानाही झोपलेलो असतो."

हर्बर्ट जागा झाला आणि उरलेला घास खाल्ला, जसं मध्ये काही झालंच नाही.

दादूस, तुला हे मी काय सांगू? तू तेच विमान उडवलं आहेस. आपली आयस गेली तेव्हा हर्बर्ट दहावीत होता. मी लग्न केलं नाही, त्याचं कारण फक्त तोच होता असं म्हणणार नाही, पण तोही होता. त्याच्या विमानाचा आवाज पहाटे छपरावरून जातो, मग तो परतेपर्यंत मी शाळेत उभी राहून शिकवते. खुर्चीत बसवत नाही.

तुझ्या कंपनीत बोल. या वेळी उत्तर दे.

एथेल


१४ सप्टेंबर १९८७

दादूस,

तू लिहिणार नाहीस असं वाटायला लागलंय. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिता येण्यासारखं नाही.

गेल्या आठवड्यात मी कंपनीच्या ऑफिसात गेले. ड्यूट्या लावणारा अंबादास तुला आठवत असेल. तुला पोचवायला जीप घेऊन यायचा आणि अंगणातली पेरूची फांदी वाकवून ठेवायचा. आता त्याचे केस गेले आहेत. मी म्हटलं, "माझ्या भावाला चार दिवस सुट्टी द्या."

"बाई, माणूस द्या, सुट्टी घ्या." त्याने माझ्यासाठी चहा मागवला. "तीनदा जाहिरात दिली. येतात, पगार ऐकतात, हाच चहा पितात, जातात. त्यांचं तरी काय चुकलं? टॅक्सीवाला बरा कमावतो. शेठ म्हणतात पगार वाढवला तर कोळंबी परवडत नाही."

"मग त्याला सोडा. राजीनामा घ्या."

"करार आहे ना. तुमचे मोठे भाऊ गेले, तेव्हापासून शेठ सशाचं काळीज करून बसलेत. कुणाला सोडत नाहीत." मग दाराकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "त्या करारातून सुटायचे रस्ते दोनच. एक, डॉक्टरने कायमचं नापास केलं तर. दुसरा मी तोंडातून काढत नाही."

तिथून निघाले ती घरी आले नाही. बांद्र्याला मोत मावलीची जत्रा चालू होती, चढण चढून गेले. लहानपणी आयस आपल्याला घेऊन जायची तसंच सगळं आहे. दुकानांतून मेणाचे हात, पाय, बाळं, घरं टांगलेली. ज्याला जे दुखतं, ज्याला जे हवं, ते मेणाचं घ्यायचं आणि मावलीला वाहायचं. आता विमानंही मिळतात. गल्फला जायचंय ती पोरं घेतात.

तिथे मला तू नऊ वर्षांचा आठवलास. भाताच्या खळ्यात पडलास, डोळे वर गेले, टाचा जमिनीवर आपटत होत्या. आयसने तुझ्या मुठीत किल्ली कोंबली, कुणीतरी नाकाशी कांदा धरला. तीन पावसाळे ते चाललं. मग आयसने मेणाचं डोकं वाहिलं आणि फिट थांबली. मावलीमुळे असो, नाहीतर वयामुळे. आयस मला म्हणाली होती, "हे घराबाहेर नाय जायचं." नाही गेलं. तू विमानाची परीक्षा द्यायला निघालास तेव्हा डॉक्टरच्या प्रश्नाला तू 'नाही' लिहिलंस, आणि आम्ही सगळे तुझ्यासाठी 'नाही' म्हटलं. त्या वेळी हर्बर्ट खेळण्यातली विमानं फिरवत होता.

दुकानदार म्हणाला, "विमान घ्या बाई, हल्ली तेच जास्त खपतं." मी विमान घेतलं नाही. डोकं घेतलं. वाहिलं मात्र नाही, पिशवीत घालून घरी आणलं.

या महिन्यात उत्तर दे, दादूस. फक्त 'बघतो' एवढं लिहिलंस तरी मी थांबेन.

एथेल


११ ऑक्टोबर १९८७

दादूस,

गेल्या रविवारी आगेरा झाला. नव्या भाताची कणसं फादरनी आशीर्वाद देऊन वाटली. आता ती गोराईहून आणतात, कारण आपल्या बापाची शेतं धावपट्टीखाली आहेत. हर्बर्ट या वर्षी आगेराला हजर होता. चारचौघांत उभा होता, स्वच्छ आंघोळ करून, कोळंबीच्या वासाशिवाय. तो घरी आहे. कायमचा.

वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना मी लेखी दिलं की हर्बर्टला लहानपणी फिट येत होती.

तुझा सदरा तुला आखूड झाला की आयस तो त्याच्यासाठी ठेवायची, तशी तुझी गोष्ट मी त्याला घातली. खळं, किल्ली, कांदा, मेणाचं डोकं. काही नवं रचावं लागलं नाही. फक्त नाव बदललं. डॉक्टर चांगला माणूस होता. चष्मा काढून म्हणाला, "तुम्ही शिक्षिका आहात. याचा अर्थ कळतो ना? तो पुन्हा उडणार नाही."

"कळतो."

"मग इतकी वर्षं का लपवलंत?"

"त्याचं स्वप्न होतं, डॉक्टर."

त्या सगळ्या बोलण्यात तेवढं एक खरं होतं.

कंपनीने कराराचा कागद परत केला. हर्बर्ट तो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाय, फिट कुणाला येत होती?"

मी कांदा चिरत होते. चिरत राहिले.

"मी जन्मलो पण नव्हतो गो तेव्हा. आयसनेच मना सांगितलेलं."

"तू मेला असतास, हर्बर्ट."

"मेलो असतो तर मेलो असतो. पायलट मेलो असतो." मग तो खाली बसला, उंबऱ्यावर, लहानपणी बसायचा तसा. "डॉक्टरला मी एक नाव सांगितलं असतं ना, तर उद्या परत उडालो असतो. तिकडे दादूसची वाट लागली असती. म्हणून नाय घेतलं त्याचं नाव. तू माझं घेतलंस."

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. पण रात्रभर झोपतो, दादूस. मी दाराशी उभी राहून त्याचा श्वास ऐकते. मला पश्चात्ताप होत नाही. व्हायला हवा, होत नाही.

एथेल


६ जानेवारी १९८८

दादूस,

तुझा माणूस खजुराचा डबा आणि नाताळचं कार्ड देऊन गेला. कार्डावर तुमच्या दोघांची छापील नावं. मी पाठही बघितली, कोरी होती. खजूर चांगला आहे.

हर्बर्ट अंधेरीला एका क्लासमध्ये मुलांना हवामान शिकवतो. वारा, ढग, दाब. मांजरं आता सलामीला येत नाहीत.

काल सहदेव आला होता पेढे घेऊन. कॅप्टन झाला. इतक्या लवकर! अंबादास म्हणाला असेल, दुसरं आहे कोण? हर्बर्टने पेढा हातात धरून ठेवला. "सही केलीस?"

"केली सर."

"मूर्ख आहेस. मी सांगितलं होतं तुला, सही करू नकोस म्हणून."

"सर, कॅप्टनचे तास अंगावर असल्याशिवाय बाहेर घेतं कोण? दोन वर्षं काढतो, मग मी पण गल्फ. आईला फ्रिज पाठवतो, झकास." मग माझ्याकडे वळून, "ताई, सरांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं.

हर्बर्ट उठून अंगणात गेला. मी सहदेवला जेवायला बसवलं, दही आठवणीने दिलं. मला त्याचा आनंद झाला होता हे तुला खरं सांगते. रिकाम्या झालेल्या जागेत तो बसला, ती जागा मी रिकामी केली, हे तेव्हा माझ्या मनात आलंच नाही. आपलं माणूस घरी असलं की मनाला किती कमी दिसतं!

एथेल


२१ ऑगस्ट १९८८

दादूस,

तिकडच्या पेपरात आलं असेल किंवा नसेल. आपल्या कंपनीचं विमान मंगळवारी सकाळी उतरताना वर्सोव्याजवळ समुद्रात पडलं. सहदेव गेला.

शेजारच्या खुर्चीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, कंपनीने कुठून तरी शोधून आणलेले. ते वाचले, कंबर मोडली. त्यांनी चौकशीत सांगितलं की पोराला झोप लागली असावी. विचारलं, तुम्ही काय करत होता? तर म्हणाले, "मलाही लागली होती."

कोळंबीचे खोके भरतीबरोबर किनाऱ्याला लागले. हर्बर्ट तिथे गेला होता. तो सांगत होता, कोळी बायका पाण्यात उतरून खोके ओढून वर ठेवत होत्या, ओळीने, पण एकीनेही एकही उघडला नाही. एवढं सांगून तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

एथेल


१८ सप्टेंबर १९८८

दादूस,

हे माझं शेवटचं मागणं आहे. आधी सगळं सांगते.

मी विक्रोळीला गेले होते. एकटी. सहदेवची आई, रुक्मिणीबाई, माझ्याच वयाची असेल. क्वार्टरच्या दोन खोल्या, भिंतीवर त्याचा टोपी घातलेला फोटो, फोटोला हार. वडील कामावर गेले होते. घरी बसवत नाही म्हणून लगेच जायला लागले म्हणाली. मी नाव सांगितल्यावर तिने माझा हात धरला.

"हर्बर्ट सरांच्या बहीण ना तुम्ही? सहदेव फार बोलायचा सरांबद्दल. ते आजारी होते ना? आता बरे आहेत ना?"

"हो," मी म्हटलं. "औषध चालू आहे."

"सांभाळा हो त्यांना."

तिने चहा केला. बोलायला काही नव्हतं म्हणून ती त्याच्या खाण्यापिण्याचं सांगत बसली, आया सांगतात तसं. "अजिबात तिखट चालायचं नाही त्याला. पण या पावसाळ्यात काय झालं होतं कोण जाणे, निघताना हिरव्या मिरच्या मागायचा. म्हणायचा, आई, चांगल्या झणझणीत बघून दे. मी मंडईतून निवडून आणायचे. वाटलं, कॅप्टन झाला, आता मोठ्या माणसांसारखं खायला लागला." आणि ती हसली, दादूस. हसली आणि मग तोंडात पदर घेतला.

मी कपातला चहा संपवला. तिला मी काहीही सांगितलं नाही. सांगायला गेले होते असं तुला लिहावंसं वाटतं, पण मला खरंच माहीत नाही मी कशाला गेले होते. उठले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "येत जा."

आता हर्बर्टचं. पंधरा दिवसांपूर्वी अंबादास घरी आला होता. खाली मान घालून बसला. कंपनी पगार वाढवते आहे. माणूस मेल्यावर कोळंबी परवडायला लागली. एकही कॅप्टन उरला नाही म्हणून दुसरं विमान उभं आहे, शेठ म्हणतात हर्बर्टला काहीही करून परत आणा. "डॉक्टरना भेटा सर," तो म्हणाला, "तुम्ही तर ठणठणीत दिसता."

हर्बर्ट भेटला. त्याच्या मेंदूच्या तपासण्या सगळ्या साफ निघाल्या आहेत. निघणारच. डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या जबानीविरुद्ध दुसरं काहीतरी हवं. त्याच घरात वाढलेला मोठा भाऊ आहे, तो स्वतः पायलट आहे, त्याने लेखी दिलं की याला कधीही फिट आली नाही, तर विचार करता येईल.

मी त्याला म्हटलं, "पुन्हा तिथेच जाणार? सगळं बघून?"

"ती बाई तिकडे पोरगा गमावून बसली, आणि मी इथे झोपतो. तू झोपवलंस मना. माझ्या खुर्चीत गेला तो."

"तू गेला असतास तर तू गेला असतास."

"हो ना. माझी होती ती खुर्ची."

मी एका आईचा मुलगा वाचवला आणि दुसऱ्या आईचा दिला, असं ते आहे का? की कंपनीने दोघांनाही घेतलं असतं, पुढेमागे? मी रोज पहाटे जागी होते. छपरावरून आवाज येत नाही, तरी जागी होते. हर्बर्ट परत गेला नाही तर कुणी तिसरा येईल, हेही मला ठाऊक आहे. तशी खुर्ची रिकामी राहत नाही. कुठल्या तरी घरात कुणीतरी मिरच्या निवडून देईल. मला तो तिसरा दिसत नाही, हर्बर्ट दिसतो. देव मला याची क्षमा करणार नसेल तर नको करू दे.

ते मेणाचं डोकं माझ्या कपाटात आहे. मे महिन्याच्या उकाड्यात त्याचं नाक बसलं. या वर्षीची जत्रा आली आणि गेली, मी गेले नाही. तुझ्या नावाने आयसने वाहून झालंय, हर्बर्टला त्याची गरज नव्हती, आणि सहदेवच्या नावाने वाहायला आता उशीर झाला.

सोमवारी हर्बर्टने तुला रजिस्टर पत्र टाकलं आहे. त्यात तो तुझ्याकडे ते लेखी मागेल. तू दिलंस तर डॉक्टर तुलाही विचारतील की मग फिट होती कुणाला. पण त्या भीतीपोटी मी हे सांगत नाही. तू दीड वर्षात मला एक ओळ लिहिली नाहीस. मी तुझ्याकडे किती मागितली! आता त्याचं पत्र तुझ्या हातात पडेल. त्याचं अक्षर बघून तुला तो लहान दिसेल, त्याने तुझं नाव डॉक्टरांपासून कसं राखलं तेही तुला कळेल, आणि एकदाच त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटेल.

करू नकोस. आमच्याशी वागलास तसाच वाग, दादूस. उत्तर देऊ नकोस.

एथेल